दोन पावलं मागं

वाटूरच्या एका हायस्कूलमध्ये ज्योत्स्ना मॅडम मुलींसाठी कराटेचा वर्ग घेत, आणि त्या वर्गात एकच गोष्ट गुन्हा धरली जायची. मागं सरणं! उशिरा आलात, चालून जाई. पवित्रा चुकला, मॅडम दहा वेळा करून घेत आणि अकराव्यांदा शाबासकी देत. पण समोरचीने हात उगारला आणि तुमचा पाय मागं गेला, की मग तुमची धडगत नव्हती. मैदानावर फक्कीची पांढरी रेघ मारलेली असायची. जिची टाच त्या रेघेमागं जाईल तिने बावीस मुलींसमोर उभं राहून तीनदा मोठ्याने म्हणायचं, "मी मागं सरले." बस्स. ना छडी, ना मैदानाला चकरा. मॅडमना वाटे, याच्याइतकी सौम्य शिक्षा दुसरी नसेल. मुलींना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, याच्यापेक्षा छडी परवडली. पण मुलींना विचारतो कोण?

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. परतूरहून रोज स्कूटीवर येत, विज्ञान मन लावून शिकवत आणि कराटेचा वर्ग तर फुकट घेत. तो नियमही त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता, स्वतःच्या अंगावरून काढलेला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्या रेल्वेने परतूरहून जालन्याला जायच्या. फलाटावर एक माणूस रोज गर्दीचं निमित्त करून अंगाला अंग घासून जायचा. पहिल्या दिवशी त्या बाजूला सरल्या. दुसऱ्या दिवशी आणखी सरल्या. असं सरत सरत महिनाभरात थेट घरात येऊन बसल्या. घरी सांगितलं, डोकं दुखतं. एक वर्ष गेलं. पुढे त्या कराटे शिकल्या, काळ्या पट्ट्यापर्यंत पोचल्या, शिक्षिका झाल्या, पण ते वर्ष काही त्यांच्या मनातून गेलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली पोरगी कुणापुढं मागं सरणार नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं.

या वर्गात मोनिका होती. आठवीतली, तेरा वर्षांची, पायाने वाऱ्यासारखी. आईबाप जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, तिकडेच खोली करून राहायचे. मोनिका आणि तिची सहा वर्षांची धाकटी बहीण बानू इथे आजीआजोबांजवळ असत. आजोबा धुळाजी यांची साठेक मेंढरं. पोरगी मेंढरांतच वाढलेली, त्यामुळे तिला एक सवय होती. कोणी अंगावर आलं की ती आधी एक पाऊल मागं घेई, समोरच्याला डोळे भरून बघे, आणि मग असा काही पाय टाके की समोरची मुलगी मातीत बसलेली असे. टकरीआधी एडके असंच करतात, तिने तेच उचललं होतं. पण नियम म्हणजे नियम! पहिल्या महिन्यात "मी मागं सरले" हे वाक्य मोनिकाला जितक्यांदा म्हणावं लागलं तितक्यांदा वर्गात दुसऱ्या कुणालाही लागलं नाही. शेवटी मॅडमनी तिची खोड मोडली. मोनिका रेघेवर खांबासारखी उभी राहायला शिकली आणि तिला पिवळा पट्टा मिळाला. मॅडमना केवढा आनंद झाला होता!

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी संध्याकाळी वर्ग सुटला आणि मोनिका मैदानाच्या कडेला खेळत बसलेल्या बानूचा हात धरून घरी निघाली. वाटेत वाटूर फाटा लागतो. तिथे तीन पोरं मोटारसायकल आडवी लावून उभी होती. त्यांनी आधी तोंडाने हू हा करून कराट्याची नक्कल केली. मोनिकाने लक्ष दिलं नाही. मग त्यातल्या एकाने तिच्या दप्तराला गुंडाळलेला पिवळा पट्टा ओढून घेतला. मोनिकाने बानूचा हात सोडला आणि पवित्रा घेतला. तिने एक लाथ बरोबर बसवली, त्या पोराने तिला ढकललं, ती रस्त्याकडेच्या खडीवर पडली आणि उजवं मनगट मोडलं. आणि बानू? ती घाबरून पळाली, ती सरळ रस्त्यावर. समोरून कापसाचा टेम्पो येत होता. ड्रायव्हरने टेम्पो आडवा केला म्हणून पोर वाचली. पलीकडच्या नालीत पडून कपाळाला तीन टाके पडले, तेवढ्यावर निभावलं.

गावाने त्या तिन्ही पोरांना शाळेत आणून चांगलं फैलावर घेतलं. त्यांच्या बापांनी मान खाली घालून माफी मागितली. चूक त्या पोरांचीच होती, त्यात कुणाचं दुमत नव्हतं. पण मोनिका त्या दिवसापासून शाळेत आली नाही. आणि मॅडमनी काय करावं? त्यांनी वर्गात सगळ्या मुलींना सांगितलं, की मोनिकाने हात मोडून घेतला, पण ती मागं सरली नाही, तिच्यासाठी टाळ्या वाजवा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या नऊ जणी वर्गाला आल्याच नाहीत.

तीन आठवडे गेले. मुख्याध्यापक साहेबराव सरांनी मॅडमना बोलावून सांगितलं, की पालक बोलू लागले आहेत, असंच चाललं तर वर्ग बंद करावा लागेल. वर्गाची काळजी मॅडमना होतीच, पण त्याहून जास्त जीव मोनिकात अडकला होता. अशी पोर दहा वर्षांत एखादी मिळते. तिने कराटे सोडलं तर सोडलं, पण शाळा? आठवीतून सुटलेली पोरगी पुन्हा शाळेत दिसत नाही, हे मॅडमनी किती वेळा पाहिलं होतं. आणि दोष कुणाचा हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. म्हातारीचाच! हात मोडल्याचं निमित्त झालं आणि आजीने नातीला घरात बसवलं, दुसरं काय असणार? मार्चात सकाळची शाळा सुरू झाली तशी एका दुपारी चारच्या सुमारास मॅडमनी स्कूटी फाट्यापलीकडच्या वस्तीकडे वळवली. वाटेत त्यांनी मनाशी भाषणही जुळवलं. मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व, बदललेला काळ, बाईचा आत्मविश्वास, सगळं त्यात होतं.

आजी गोपिकाबाई ओसरीत सूप घेऊन हरभरा पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मॅडमना पाणी दिलं, चहा टाकला आणि भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधेमधे त्या मान हलवत होत्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, की सगळं बराबर हाय तुमचं, पोरीनं शिकलंच पाहिजे. मॅडम जरा गोंधळल्या. ज्या भिंतीवर धडक द्यायला आल्या होत्या ती भिंत तिथे नव्हतीच.

"मॅडम, म्या कवा बसवलं तिला घरी?" गोपिकाबाई म्हणाल्या. "मी तर रोज म्हणून राह्यले, जा बाई शाळंत. तीच जात न्हाई. आजोबासंगं मेंढराकडं जाती अन् दिवसभर गप बसून राहती. बानूचा हात धरत न्हाई ती आता. बानूनं धरला तर झटकून टाकती. म्हणती, माझ्या हातात पोरीला देऊ नका."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, की त्या पोरांनी एवढा त्रास दिला, त्यात मोनिकाची काय चूक? पट्टा तिचा होता, तिने मेहनतीने मिळवलेला होता.

गोपिकाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"एक सांगू का? तुमाला कुणी सांगितलं नसंल. त्या पोरानं पट्टा ओढला अन् हसून म्हनला, दोन पावलं मागं सर, मंग देतो. दोन पावलं, मॅडम. सरली असती तर पट्टाबी भेटला असता अन् दोघी पोरीबी सुखानं घरला आल्या असत्या. हात पलस्तरात घातला तवा म्या तिला विचारलं, कामून न्हाई सरली गं? तर म्हणती, आजी, मागं सरलं की तीनदा म्हणावं लागतं."

गोपिकाबाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. त्यांना त्या बावीस मुली आठवल्या, टाळ्या आठवल्या, रेघेवर खाली मान घालून ते वाक्य पुटपुटणारी मोनिका आठवली. मोठ्याने म्हण, ऐकू येत नाही, असं आपण तिला म्हणालो होतो हेही आठवलं. जुळवून आणलेल्या भाषणातला एक शब्द कामाचा नव्हता. शेवटी एवढंच विचारलं, की मोनिका कुठे आहे.

बानू वाट दाखवायला पुढे निघाली. कपाळावर टाक्यांची खूण, पण पोरगी उड्या मारत चालली होती. रस्ता आला तेव्हा मात्र तिने आपण होऊन मॅडमचा हात धरला आणि ओलांडून झाल्यावरच सोडला. कापणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात आजोबांची मेंढरं बसायला आली होती. शेत खतवायचं म्हणून शेतकरीच मेंढरं बोलावून घेतात. रानाच्या तोंडाशी बानू थांबली आणि म्हणाली, "इकडून न्हाई मॅडम, तिकडून. इथं टिटवी हाय."

धुळाजी मेंढरं कोंडायची दोरीची जाळी गुंडाळत होते. सत्तरीचा उंच, काटक माणूस. मोनिका बांधावर बसली होती, उजवा हात गळ्यात अडकवलेला. मॅडमना पाहून ती उठली, पण जवळ आली नाही. धुळाजींनी रामराम केला आणि हातातलं काम न थांबवता सांगितलं, की जाळी वीस पावलं पलीकडं नेतोय, टिटवीनं चार अंडी घातलीत मधोमध, अन् नात म्हणती तिला उठवायचं न्हाई. आठ दिवस झाले, ती हितंच राखण करून राह्यली.

मॅडमना आधी काही दिसेना. ढेकळं, खडे, हरभऱ्याची धसकटं. मग नजर बसली तेव्हा खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची ठिपक्यांची चार अंडी दिसली आणि त्यांच्यापाशी उभी टिटवी. पाच-सात मेंढरं चरत चरत तिच्याकडे सरकत होती. मेंढरू काही वाईट जनावर नाही, पण खाली बघून चालत नाही. एक खूर पडला असता तर खेळ संपला होता. मॅडमना वाटलं, आता ही उडणार. टिटवी उडाली नाही. मूठभर जीव तो! दोन्ही पंख पसरून ती मेंढराच्या तोंडासमोर उभी राहिली आणि असा काही गलका केला की पुढचं मेंढरू बिचकलं, वळलं, आणि त्याच्यामागून बाकीची वळली.

मॅडमना बरं वाटलं. त्या मोनिकाकडे बघून म्हणाल्या, की बघ, एक पाऊलही मागं सरली नाही. मोनिकाने मान खाली घातली. धुळाजी म्हणाले, थांबा जरासं.

तेवढ्यात त्यांचा कुत्रा बांधावरून खाली उतरला आणि वास घेत अंड्यांच्या रोखाने निघाला. आता टिटवी त्याच्यासमोर उभी राहील म्हणून मॅडम बघू लागल्या, तर ती अंड्यांपासून गुपचूप दहा-पंधरा हात दूर पळाली. तिथे गेल्यावर एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटत, लंगडत, केविलवाणं ओरडत चालू लागली. कुत्र्याचे कान टवकारले. आयती शिकार! तो अंडी सोडून तिच्यामागं लागला. ती लंगडत पुढे, तो मागे, असं करत तिने त्याला पार पलीकडच्या बांधापर्यंत नेलं आणि तिथून भर्रकन उडाली. दोन्ही पंख धडधाकट होते. कुत्रा वर बघत राहिला. धुळाजींनी शीळ घालून त्याला परत बोलावलं. बानू खिदळली. तिने हे रोज पाहिलं होतं, तरी तिला रोज हसू येत होतं.

मॅडमना मात्र हसू आलं नाही. त्या धुळाजींच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे आमच्या पोरींनी लंगडायचं का, बाबा? मागंच सरत राहायचं? आजवर बायांनी तेच केलं."

"तसं कोण म्हणतंय?" धुळाजी म्हणाले. "मेंढरापुढं सरली का ती? बिलकुल न्हाई. जिथं उभं राह्यल्यानं अंडी वाचत्यात तिथं ती उभी राह्यली. जिथं दूर गेल्यानं वाचत्यात तिथं दूर गेली. तिचं ध्यान अंड्यावर हाय मॅडम, आपल्या तोऱ्यावर न्हाई. कुत्र्यानं तिला भित्री म्हटलं तर म्हनू दे की."

मग मॅडमनी जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या रानात, एका म्हाताऱ्या मेंढपाळाला आणि बांधावर बसलेल्या त्याच्या नातीला सांगितलं. तो फलाट, तो माणूस, ते वाया गेलेलं वर्ष. तिथे मी मागं सरले आणि माझं शिक्षण वर्षभर सुटलं, म्हणून मी ही रेघ मारली, असं त्या म्हणाल्या.

धुळाजींनी जाळी खाली ठेवली. "तुमी तिथं एकट्या व्हत्या. मागं उभं राह्याला कुणी असतं तर तुमीबी उभ्या राह्यल्या असत्या. तुमची त्यात काय चूक? अन् तुमाला राखायचं व्हतं शिक्षण, ते उभं राहूनच राखल्या जातं, हेबी बराबर. पर मोनीच्या हातात बानू व्हती. दोन्ही जागंला रेघ एकच कशी चालंल? तुमी पोरींना लाथ लई चांगली शिकवली, मॅडम. नजर शिकवायची राह्यली."

खरं सांगायचं तर पदव्या घेतलेल्या, काळा पट्टा मिळवलेल्या माणसाला असं तोंडावर ऐकून घेणं सोपं नसतं. मॅडमनी ऐकून घेतलं. तेवढ्यात टिटवी पुन्हा उडाली आणि खालच्या पाटाच्या पाण्याकडे गेली. चारचं ऊन अजून चटके देत होतं आणि अंडी उघडी पडली होती. मॅडम म्हणाल्या, आता तर कुत्राही नाही, मग अंडी उन्हात टाकून का गेली? धुळाजी म्हणाले, बघा तर. थोड्या वेळाने टिटवी परत आली, तेव्हा तिच्या पोटाची पिसं ओलीचिंब होती. थेंब गळत होते. ती हळूच अंड्यांवर बसली. पाण्यात पोट भिजवून ती त्यांना गारवा द्यायला आली होती! मॅडम सात वर्षं बाष्पीभवनाचा धडा शिकवत होत्या आणि दर वर्षी माठाचंच उदाहरण देत होत्या.

"आजोबा," बांधावरून मोनिका बोलली. "पर हात मी सोडला न. बानूचा."

मॅडम पटकन काही समजुतीचं बोलणार होत्या, पण धुळाजींनी हाताने थांबवलं.

"सोडला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलायचं? सोडला तू. पर ही टिटवीबी उठती की अंड्यावरनं. दिवसातनं कितींदा उठती. उठली म्हणून ती त्यांची आई राह्यली न्हाई काय? परत येती का न्हाई, ते बघायचं असतं. तू तीन आठवडे झाले परत आली न्हाईस, मोने. बानू वाट बघून राह्यली."

मोनिका रडली. पहिल्यांदाच, असं आजी नंतर सांगत होत्या. पलस्तर घालताना नाही, टाके बघून नाही, त्या रानात रडली. मॅडम तिच्याजवळ जाऊन ढेकळांतच बसल्या. साडीला माती लागतेय याचं भान त्यांना नव्हतं.

"मोनिका, चुकलं ते माझं," त्या म्हणाल्या. "तू आधी एक पाऊल मागं घ्यायचीस, समोर बघायचीस. ते बरोबर होतं. ती खोड नव्हती, ती तुझी अक्कल होती, आणि मी ती मोडली. पाय कसा टाकायचा एवढंच मी शिकवलं. कुणासाठी टाकायचा, हे मलाच कळलं नव्हतं."

मोनिकाने नाक पुसलं आणि विचारलं, "मंग मॅडम, मागं सरलं तर आता म्हणावं लागंल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कधीच नाही."

ऊन उतरायला लागलं तशा मुली घराकडे निघाल्या. मॅडम थोड्या मागं राहून चालल्या. रस्त्याच्या कडेला बानू थांबली. तिने नेहमीप्रमाणे बाजूच्या माणसाचा हात शोधला, आणि बाजूला मोनिका होती. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मोनिकाने डावा हात पुढे केला. बानूने तो असा गच्च धरला की पलीकडे घर येईपर्यंत सोडला नाही. ओसरीतून गोपिकाबाईंनी ते पाहिलं. त्या चुलीवर पुन्हा चहा ठेवायला आत गेल्या.

सोमवारी मोनिका शाळेत आली. त्या संध्याकाळी मॅडमनी उरलेल्या मुलींना मैदानावर गोल करून बसवलं आणि जे रानात सांगितलं ते इथेही सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. शिक्षकाने वर्गासमोर माझं चुकलं म्हणणं आपल्याकडे क्वचित ऐकू येतं. मुली आधी एकमेकींकडे बघू लागल्या. मग साक्षी नावाची एक तोंडाळ मुलगी म्हणाली, की मॅडम, हे तुम्ही आधीच सांगितलं असतं तर माझा घसा तरी वाचला असता. सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. पुढच्या रविवारी सगळा वर्ग धुळाजींच्या मेंढरांकडे गेला. एडके टकरीआधी मागं का सरतात, दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून का उभी राहतात, हे मुलींनी तासन्‌तास बघितलं. साहेबराव सरांना आधी शंका होती, की हे कराटे आहे का सहल. पण गळालेल्या नऊ जणींपैकी सात जणी परत आल्या, तेव्हा त्यांनी वर्ग बंद करायचा विषय सोडून दिला.

आता सरावाची पद्धतही बदलली आहे. लढणाऱ्या प्रत्येक मुलीमागं एक लहान मुलगी उभी करतात. लढणारीने पुढे जायचं, बाजूला जायचं, मागं यायचं, का सरळ त्या लहानीला उचलून पळायचं, ते तिने बघून ठरवायचं. शेवटी कोण जिंकलं हे मॅडम सांगत नाहीत. ते त्या लहान मुलीलाच विचारलं जातं. बानू या कामाला रोज पहिला नंबर लावते आणि निकाल देताना भल्याभल्यांना नापास करते. ताईलासुद्धा तिने दोनदा नापास केलं आहे. गरज पडेल तिथे उभं कसं राहायचं, आरडाओरडा करून चार माणसं कशी गोळा करायची, हेही मॅडम शिकवतात, कारण एकट्या पडलेल्या पोरीला नुसत्या लाथेचा उपयोग नसतो.

वाचकहो, मुलांना शूर करायची आपल्याला सगळ्यांनाच घाई झाली आहे, आणि काळ बघता त्यात गैर काही नाही. मुलींनी तर शिकलंच पाहिजे. पण शौर्य म्हणजे न हटणं एवढंच आपण त्यांना सांगितलं, तर लेकरं आपल्या शब्दाखातर हातपाय मोडून घेतील आणि ज्याला राखायचं तेच हातातून सोडून देतील. बळ कशासाठी आहे हे ज्याला कळलं त्याला पुढं जायची भीती वाटत नाही आणि मागं सरायची लाज वाटत नाही. पाखराला जे कळतं ते आपल्याला कळायला एवढा उशीर का व्हावा!

आपलं लेकरू शर्ट फाडून, धुळीने माखून घरी आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, मार खाऊन आलास का देऊन? आजपासून तो प्रश्न आपण सोडून देऊ. विचारायचंच असेल तर एवढं विचारू, तुझ्याबरोबरचे सगळे सुखरूप घरी पोचले ना?